चेअरमन

सरकारनं धंद्यात पडू नये, असं चेअरमनचं ठाम मत आहे. हे मत ते दरवर्षी गळीत हंगामाच्या शुभारंभाला मांडतात. ज्या व्यासपीठावरून मांडतात, त्याच्या मागं कारखाना उभा असतो. त्या कारखान्यात सरकारचं भागभांडवल आहे, त्याच्या कर्जाला सरकारची थकहमी आहे, डिस्टिलरीच्या व्याजाचा काही वाटा केंद्र सरकार उचलतं आणि समोरच्या उसाला पाणी येतं ते पाटबंधारे खात्याच्या कालव्यातून. भाषण संपलं की चेअरमन गव्हाणीत मोळी टाकतात, हात झटकतात आणि पाहुण्या मंत्र्यांच्या हातात निवेदन ठेवतात. निवेदनात नव्या थकहमीची मागणी असते.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. तालुका वार्ताहराला तालुक्यातच राहायचं असतं, हे एक कारण आहेच. दुसरं असं, की नाव सांगितलं तर तो एकच माणूस होईल आणि बाकीच्या पन्नास तालुक्यांतले वाचक निर्धास्तपणे हसतील. तेव्हा नाव तुम्हीच घाला. कृष्णेपासून गोदावरीपर्यंत जिथं जिथं चिमणी दिसते, तिथं ते चालून जाईल.

ते आमदार झाले, एकदा राज्यमंत्रीही झाले, पण लोक त्यांना चेअरमनच म्हणतात. आमदारकी मतदारांच्या हातात असते, मंत्रिपद पक्षश्रेष्ठींच्या. चेअरमनकी मात्र घरची असते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला पेन एकच आणि तेही उघडलं जाईल याची खात्री नाही. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडं जाते, कारण मागचा माणूस बहुधा जास्त कामाचा निघतो. मागं कुणीच नसेल तर ते मोबाइलकडं बघतात.

आजोबांची गोष्ट वेगळी होती. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना सोबत घेऊन शेतकऱ्यांचा कारखाना काढला. १९४८ साली त्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं. एक चौथी शिकलेला शेतकरी आणि एक पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ, अशी ती जोडी. अर्थशास्त्रज्ञ पहिले अध्यक्ष झाले, यात शेतकऱ्याला कमीपणा वाटला नाही, ही त्या काळाची श्रीमंती म्हणायची. चेअरमनचे आजोबा तो कारखाना बघून आले आणि त्यांनी इथं गावोगाव हिंडून शेअर गोळा केले. कुणी शेळ्या विकल्या, कुणी बायकोची पुतळी मोडली. आजोबा सभासदाच्या ओसरीवर बसून त्याचीच भाकरी खायचे आणि त्याच्यासमोर वहीत रक्कम लिहायचे. कारखान्याच्या सभागृहात त्यांचं तैलचित्र आहे. चित्रात काखेला वही आहे. चेअरमन त्या चित्राला न चुकता हार घालतात आणि हार बरोबर वहीवर येतो.

आमच्या हायस्कुलातले मराठीचे निवृत्त सर म्हणतात, चेअरमनचं सगळं राजकीय तत्त्वज्ञान तीन पुरुषांत बसतं. धंदा प्रथमपुरुषी, काम द्वितीयपुरुषी आणि सरकार तृतीयपुरुषी. "मी धंदा करतो, तुम्ही काम करा, ते पैसे देतील." मी इतकी वर्षं त्यांची भाषणं लिहून घेतोय. या वाक्याबाहेर त्यांनी पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही.

सरकार तृतीयपुरुषी कसं, ते त्यांच्या राज्यमंत्रिपदाच्या काळात सगळ्या तालुक्यानं पाहिलं. शेतीपंपांच्या विजेचा प्रश्न घेऊन शेतकरी मंत्रालयात गेले. चेअरमननी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सरकारनं याचा विचार करायलाच पाहिजे." एका आगाऊ पोरानं विचारलं, "साहेब, म्हंजे तुमीच न्हवं का?" चेअरमननी त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. मग तेच निवेदन हातात घेऊन, शिष्टमंडळाच्या पुढं चालत, सहाव्या मजल्यावर मुख्यमंत्र्यांच्या दालनाबाहेर जाऊन बसले. तिथं वाट बघताना ते शेतकऱ्यांच्या बाजूनं इतकं तळमळून बोलले, की परत येताना शेतकऱ्यांनाच त्यांची दया आली. पुढं याच प्रश्नावर तालुक्यात रास्ता रोको झाला, तेव्हा मंत्री असूनही ते रस्त्यावर बसले. फौजदारानं आधी सलाम ठोकला आणि मग ताब्यात घेतलं.

सत्तेत असताना सरकारवर टीका करायला धैर्य लागतं, असं आमच्या पेपरात तेव्हा छापून आलं होतं. ते मीच लिहिलं होतं आणि जाहिरातीच्या पानासमोर ते शोभूनही दिसलं.

मंत्रालयात त्यांच्या टेबलावर एकही फाइल अडली नाही, हे ते अभिमानानं सांगतात आणि ते खरं आहे. २००५ साली महाराष्ट्रानं बदल्यांचा आणि दिरंगाईचा कायदा केला. त्यात कुणाही कर्मचाऱ्याकडं फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं म्हटलंय. चेअरमन स्वतः कर्मचारी नव्हते, तरी त्यांनी तो कायदा मनावर घेतला. सहाव्या दिवशी ते फाइलवर लिहायचे, "चर्चा करावी." फाइल खाली जायची. खालून चर्चेसाठी वर यायची, की लिहायचे, "तपासून पुन्हा सादर करावे." पुन्हा खाली. एका पाझर तलावाची फाइल अशी त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत फिरत राहिली. थांबली कुठंच नाही. सरकारचं काम गतिमान असावं असं ते म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं ती फाइल असते.

सरकारी नोकरांबद्दल मात्र त्यांचं मत फार वाईट आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली, तेव्हापासून तर विचारू नका. "शेतकऱ्याला शनिवार असतो का? गाईला रविवार कळतो का?" हा प्रश्न ते प्रत्येक सभेत विचारतात आणि गाय असलेले लोक टाळ्या वाजवतात. प्रश्न बरोबरच आहे. पण याच चेअरमनच्या वाड्यावर सकाळी जी रांग लागते, तीत निम्मे लोक सरकारी नोकरी मागायला आलेले असतात आणि उरलेले, ती मिळाल्यावर बदली मागायला. चेअरमन कुणालाच नाही म्हणत नाहीत. एका जागेसाठी आठ उमेदवार आले तर आठही जणांना शिफारसपत्र मिळतं: "अर्जदार माझ्या मतदारसंघातील गरजू व होतकरू असून त्यांच्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा." सगळं सहीवर असतं. पूर्ण सही असेल तर करा, नुसती आद्याक्षरं असतील तर बघा आणि पीएनं 'साहेबांच्या वतीनं' सही केली असेल तर सोडा. ही भाषा जिल्ह्यातल्या प्रत्येक साहेबाला वाचता येते. उमेदवाराला येत नाही. तो पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवतो.

धंद्याबद्दलच्या त्यांच्या विचारांना मात्र खोली आहे आणि इथं थोडं थांबायला हवं.

साखरेच्या धंद्यात सरकार दोन भाव ठरवतं. उसाला कमीत कमी किती द्यायचे, ते एफआरपी म्हणून ठरतं. २०२५-२६ च्या हंगामाला सव्वादहा टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये. आणि कारखान्यानं साखर कमीत कमी कितीला विकायची, तेही सरकारच ठरवतं. जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाले. चेअरमनचं म्हणणं असं की पहिला भाव म्हणजे बाजारपेठेत सरकारचा हस्तक्षेप आहे आणि दुसरा भाव म्हणजे शेतकऱ्याचं संरक्षण आहे. हे ते इतक्या सहज सांगतात, की ऐकणाऱ्यालाच आपण कुठंतरी वर्गात लक्ष दिलं नाही असं वाटतं. मी एकदा भीत भीत विचारलं, "पण साहेब, सरकारनं धंद्यात पडायचंच नाही, तर मग एकतीस तरी कशाला?"

"पडू नये, हे माझं तत्त्व आहे," चेअरमन म्हणाले. "पण आता पडलंच आहे, तर एकतीसचे चाळीस करावेत आणि मग उठावं."

स्पर्धेलाही त्यांचा पाठिंबा आहे. १९९१ च्या उदारीकरणाचं ते नेहमी कौतुक करतात. मक्तेदारी संपली पाहिजे, गुणवत्ता टिकेल, ग्राहक राजा आहे, हे सगळं त्यांना पाठ आहे. फक्त दोन साखर कारखान्यांत पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर असलं पाहिजे, हा महाराष्ट्रातला नियम मात्र हलता कामा नये. केंद्राचा नियम पंधराचा आहे, पण चेअरमनना पंचवीस पसंत आहेत. स्पर्धा हवी, पण ती दिसणार नाही इतक्या लांब. शेतकरी संघटनेची पोरं अंतराची अट काढा म्हणून घोषणा देतात. ज्याला जिथं भाव मिळेल तिथं त्यानं ऊस घालावा, असं त्यांचं म्हणणं. चेअरमन त्यांना समजावतात, "बाबांनो, कारखाना जगला तर ऊस जगंल." ऊस आधी होता की कारखाना, या वादात ते पडत नाहीत.

एका बाबतीत मात्र चेअरमनचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, हे नोंदवायला पाहिजे. इथेनॉल काढा, इथेनॉल काढा म्हणून दिल्लीनं कारखान्यांना कर्जं घ्यायला लावली, डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही असा आदेश आला. आठवड्याभरात तो सैल करून १७ लाख टन साखरेपुरती परवानगी मिळाली. त्या आठवड्यात चेअरमन चिडले होते ते मनापासून. सरकारनं धोरण एकदा ठरवावं आणि मग निदान एक हंगाम तरी ते बदलू नये, असं ते म्हणाले. त्यांचं उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात शहाणं वाक्य असावं. मी ते बातमीत पहिल्या ओळीत घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "ते वाक्य जरा मऊ करायला पाहिजे होतं. पुढच्या आठवड्यात आपल्याला दिल्लीला जायचंय, थकहमीसाठी."

थकहमी राज्य सरकार देतं, दिल्ली देत नाही. पण सवयीचा भाग असतो.

जुलै २०२१ हा महिना त्यांच्या विचारांची कसोटी पाहणारा होता. महिन्याच्या सुरुवातीला केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झालं. चेअरमननी स्वागत केलं, सहकाराला दिल्लीत हक्काचं घर मिळालं म्हणून पेढे वाटले. दोनच आठवड्यांनी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की राज्यातल्या सहकारी संस्था हा राज्याचा विषय आहे आणि ९७ व्या घटनादुरुस्तीतला तेवढा भाग राज्यांची संमती न घेतल्यामुळं टिकत नाही. चेअरमननी त्याचंही स्वागत केलं, दिल्लीनं सहकारात ढवळाढवळ करू नये म्हणून पुन्हा पेढे वाटले. हलवाई एकच होता. त्यानं दोन्ही बिलं कारखान्याच्या 'प्रचार व प्रसिद्धी' खात्याला लावली.

पण त्यांच्या स्वायत्ततेच्या कल्पनेला खरी धार येते ती लेखापरीक्षणाच्या वेळी. सहकारातल्या माणसाला कायद्याची कलमं आकड्यांनीच ओळखीची असतात. "त्र्याऐंशी लागली" म्हणजे चौकशी सुरू झाली. "अठ्ठ्याऐंशी लागली" म्हणजे नुकसान कुणाच्या खिशातून भरून घ्यायचं ते ठरवणं आलं. आमच्याकडं म्हातारी माणसं साखर आणि बीपीचे आकडे सांगतात त्याच सुरात संचालक हे आकडे सांगतात. त्र्याऐंशी लागली, की चेअरमनना सहकाराच्या तत्त्वांची आठवण होते. "सहकार ही लोकांची चळवळ आहे, तीत सरकारी बाबूंचं काय काम?" मग ते मुंबईला जातात. परत येतात तेव्हा चौकशी थांबलेली नसते. तीही फिरायला लागलेली असते.

उद्योगधंदे तालुक्यात यावेत, यासाठी त्यांनी केलेला पाठपुरावा खरा आहे. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि आमच्या माळावर तिचा फलक लागायला बरीच वर्षं गेली. तो लागला तो चेअरमनमुळं, हे विरोधकही मान्य करतात. तिथं एक परदेशी कंपनी आली. चेअरमन साहेबांना भेटायला साहेबांचे साहेब आले. चेअरमननी फेटे बांधले, हुरडा खाऊ घातला आणि एक छोटीशी विनंती केली. ऐंशी टक्के स्थानिकांना नोकऱ्या द्याव्यात. कंपनीनं मान डोलावली. मग कामगार पुरवण्याचा ठेका स्थानिकाला, पाण्याच्या टँकरचा स्थानिकाला, कँटीनचा स्थानिकाला. तिन्ही स्थानिकांचं आडनाव एकच निघालं. शेवटी भंगाराचा विषय आला आणि तिथं मात्र चेअरमनचा आवाज चढला. कंपनी जपानी असो नाहीतर जर्मन, भंगार भूमिपुत्राचंच! परदेशी साहेबांनी दुभाष्याला विचारलं, यांना आमच्या मालात रस आहे की नाही? दुभाष्यानं सांगितलं, आहे ना, पण तो भंगार झाल्यावर.

उद्योगांच्या परवानग्यांसाठी सरकारनं 'एक खिडकी' योजना आणली, तिलाही त्यांची हरकत नाही. "एक खिडकी चांगलीच," ते म्हणाले. "फक्त खिडकीत बसलेला माणूस आपला पाहिजे."

आता काम. म्हणजे तुम्ही जे करायचं असतं ते.

रोजगार हमी ही महाराष्ट्रानं देशाला दिलेली देणगी आहे, असं चेअरमन दिल्लीत सांगतात. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७२ च्या दुष्काळात तिचं मोल साऱ्या राज्याला कळलं, १९७७ मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला आणि पुढं २००५ मध्ये केंद्रानंही तशी हमी दिली. त्या योजनेसाठी १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, म्हणजे शहरातल्या माणसानं खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम दिलं. हे सगळं सांगताना त्यांचा गळा दाटून येतो, असं दिल्लीला बरोबर गेलेले लोक सांगतात. तालुक्यात आल्यावर ते आपल्या रानात उभे राहून म्हणतात, "या हमीनं माणसं बिघाडली. खुरपायला एक बाई भेटंना." दोन्ही वाक्यांत दिल्ली ते तालुका एवढं अंतर असल्यामुळं त्यांची कधी गाठ पडत नाही.

शिक्षणाचा विषय त्यांना वडिलांकडून मिळाला. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा वडिलांनी कारखान्यामागचा माळ मोजून घेतला. आज त्या माळावर अभियांत्रिकी आहे, तंत्रनिकेतन आहे, फार्मसी आहे आणि नर्सिंगही आहे. पदवीदान समारंभात चेअरमन पोरांना सांगतात, "नोकऱ्या मागणारे होऊ नका, नोकऱ्या देणारे व्हा." त्यांचा स्वतःचा मुलगा या उपदेशाचं जिवंत उदाहरण म्हणून शेजारीच बसलेला असतो. तो दूध संघावर संचालक आहे, बँकेवर संचालक आहे, संस्थेचा सचिव आहे आणि त्यानं आजवर एकही नोकरी मागितलेली नाही. टाळ्या होतात. समारंभ संपला की टाळ्या वाजवणारी पोरं केबिनबाहेर शिफारसपत्रासाठी उभी राहतात.

त्याच संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवणारे काही प्राध्यापक आहेत. त्यांचा पगार उशिरा होतो. चेअरमन त्यांना ऊसतोड मजुराचं उदाहरण देतात. तो बघा, बीडहून येतो, पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन फडात उतरतो, पाचटाच्या खोपीत राहतो, पोरंबाळं बरोबर असतात, पण तक्रार करत नाही. "कामाची निष्ठा त्याच्याकडून शिका." हे खरं, की तो मजूर तक्रार करत नाही. त्यानं मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत त्याला बोलायची सोय नसते. निष्ठेचं हे गुपित प्राध्यापकांना माहीत आहे, म्हणून तेही गप्प बसतात.

शेजारच्या तालुक्यातला सहकारी कारखाना आजारी पडला तेव्हा चेअरमन हळहळले होते. राज्यात असे बरेच कारखाने आजारी पडले. कर्ज थकलं म्हणून बँकेनं ते लिलावात काढले आणि त्यांतले अनेक खासगी मालकीचे झाले. हे कारखाने कुणी आणि कितीला घेतले, यावर वर्तमानपत्रांनी आणि कोर्टांनी पुष्कळ कागद खर्च केला आहे. शेजारच्या कारखान्यावर बोलताना चेअरमन म्हणाले होते, की गैरव्यवस्थापनानं सहकार बुडाला, आता व्यावसायिक दृष्टीच पाहिजे. ती दृष्टी त्यांच्या मुलाच्या कंपनीकडं होती. पंचवीस किलोमीटरच्या हवाई अंतराचा प्रश्न आला नाही, कारण कारखाना आधीपासून तिथं होताच. चिमणी होती तिथंच राहिली, सभासद तेवढे गेले.

म्हणजे आता चेअरमन सहकारी कारखाना चालवतात आणि मुलगा खासगी. घरी एका ताटात जेवतात. गंमत अशी, की तोट्याचा ऊस कुठला आणि फायद्याचा कुठला, हे दोन्हीकडच्या शेतकी अधिकाऱ्यांना न सांगता कळतं.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी नेहमीप्रमाणं पत्रकारांच्या बाकावर होतो. पहिल्या तीन रांगांत सभासद कमी आणि वाहतूक ठेकेदार जास्त, ही बसण्याची व्यवस्था जुनीच आहे. कार्यकारी संचालक विषय वाचतात, चेअरमन "मंजूर का?" विचारतात आणि प्रश्न पूर्ण व्हायच्या आत पहिल्या तीन रांगा हात वर करून ओरडतात, "मंजूर, मंजूर!" ताळेबंद मंजूर झाला. लेखापरीक्षकाची नेमणूक मंजूर झाली. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं असं समजून मंजूर झालं. तेवढ्यात अगदी मागून धोतर सावरत एक म्हातारे सभासद उभे राहिले. पोरांनी माईक त्यांच्याकडं न्यायला वेळ लावला, म्हणून ते माईकशिवायच बोलले.

"चेअरमन, कायद्यानं चौदा दिसात पैसं द्यायचं अस्त्यात. न्हाई दिलं तर पंधरा टक्के याज. माजा ऊस जाऊन चार म्हैनं झालं. पैसं कुटायत?"

मंडपात शांतता पसरली. चेअरमननी गॉगल काढला आणि फार मायेनं विचारलं, "आण्णा, ऊस सुरू का आडसाली?"

"आडसाली."

"म्हंजे सतरा-अठरा म्हैनं रानात उभा हुता. तवा आपण घाई केली का? न्हाई केली. वाढू दिला. मग पैशालाच चौदा दिसाची जबरदस्ती कशापायी? त्योबी वाढू द्या की जरा!"

पहिल्या तीन रांगा हसल्या, मग सगळा मंडप हसला. आण्णाही कसनुसं हसले. उसाची वाढ त्यांच्या रानात झाली होती, पैशाची वाढ कुणाच्या रानात चालली आहे, हे त्यांना विचारायचं होतं. पण तोवर माईक त्यांच्याजवळ पोचला होता आणि पोचताक्षणी बंद पडला. कारखाना बगॅसवर वीज तयार करून विकतो. तरी मागच्या रांगेत प्रश्न निघाला की तिथं भारनियमन होतं.

"विषय क्रमांक नऊ. आगामी हंगामासाठी शासनाच्या थकहमीवर कर्ज उभारणीचे अधिकार संचालक मंडळास देणे. मंजूर का?"

"मंजूर!"

सभेनंतर जेवण होतं. दिवाळीच्या सवलतीच्या साखरेची कार्डं जेवणाच्या मंडपातच वाटली, त्यामुळं आण्णांच्या प्रश्नापेक्षा ताटाभोवती गर्दी जास्त झाली. मी आण्णांना गाठलं. ते म्हणाले, "माणूस वंगाळ न्हाई वो. बोलतोय ग्वाड." आणि बुंदी वाढून घ्यायला गेले.

मलाही तसंच वाटतं. चेअरमन ढोंगी नाहीत. ढोंग्याला खरं काय ते माहीत असतं आणि तो ते लपवतो. चेअरमनना मनापासून वाटतं, की कारखाना आपला आहे, कष्ट तुमचे आहेत आणि तोटा सरकारचा आहे. हे तिन्ही त्यांनी कधी एका कागदावर मांडून पाहिलेलं नाही, आणि पहिल्या तीन रांगांनी त्यांना तशी वेळही येऊ दिलेली नाही.

सहकारी संस्थेला वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. तुम्ही सभासद असाल तर त्याआधी अहवाल मागून घ्या. त्यात गाळप, उतारा आणि मान्यवरांच्या भेटींचे फोटो पुढच्या पानांवर असतात, थकहमी आणि कर्जाचे आकडे मागं बारीक टाइपात. तेवढी मागची पानं वाचून जा, पहिल्या रांगेत बसा आणि तुमचा आवाज मोठा असेल तर माईकची वाट बघू नका.